कशापेक्षा बेटर?

दिल्लीची हवा ‘बेटर’ झाली, म्हणजे ती चांगली झाली का? इंग्रजी व्याकरण म्हणेल, तसं कुणी म्हटलेलंच नाही. ‘बेटर’ ही ‘गुड’ची पुढची पायरी, पण तिच्यावर चढायला आधी गुड असावं लागत नाही, वाईटातलं कमी वाईटही बेटरच. आपल्या हवा निर्देशांकात ३०१ ते ४०० ‘अति खराब’, त्यापुढे ‘गंभीर’. समजा काल ४१० होता, आज ३९० आहे. हवा बेटर आणि तरीही अति खराब. शब्द खोटा नाही. कशापेक्षा, हे सांगायचं बंधन तेवढं त्याच्यावर नाही.

मराठीत ही पळवाट बंद असावी असं वाटतं. आपलं विशेषण तुलनेत रूप बदलत नाही, सगळा भार ‘पेक्षा’वर पडतो आणि त्याच्या आधी काहीतरी ठेवावंच लागतं. दगडापेक्षा वीट मऊ. डोक्यात बसली तर विटेनेही कपाळमोक्षच होतो, पण म्हण आधी दगडाचं नाव घेते, मगच विटेला मऊ म्हणते. दगड काढून घ्या, नुसती थाप उरते. दिल्लीत तर हा दगड आणि ही वीट खरोखरच शेजारी आले आहेत. जानेवारी २०१७ मध्ये केंद्राने अधिसूचित केलेल्या ‘ग्रॅप’ आराखड्यात हवा गंभीर झाल्यावर बंद करायच्या यादीत वीटभट्ट्या आणि खडी क्रशर एकत्रच होते. फुफ्फुसाला दोन्ही सारखेच. तरी तुलना सुटत नाही: जुन्या भट्टीपेक्षा झिगझॅग भट्टी कमी धूर ओकते, म्हणून राजधानी परिसरात तिची सक्ती झाली. विटेपेक्षा वीट मऊ!

कुणी म्हणेल, मराठीला एवढं सोवळं नेसवू नका, आपल्याकडे ‘बरं’ आहे. ‘न बोललेलं बरं’ म्हणताना दुसरी बाजू आपण गिळूनच टाकतो. शिवाय आजारी माणूस बरा झाला म्हणजे खडखडीत, आणि नाटक बरं होतं म्हणजे बेताचंच. हा आक्षेप मला खोडता येत नाही. उलट तो पुढे नेतो: ‘पेक्षा’ लावला तरी दगड निवडणार बोलणाराच. कालचा दिवस घ्यायचा, पीएम २.५ची चोवीस तासांची भारतीय मर्यादा, म्हणजे घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, की जागतिक आरोग्य संघटनेचे १५? दमेकऱ्याला कालचाच दिवस महत्त्वाचा असेल. त्याला ३९०चा दिलासा नाकारणारे आपण कोण? आणि निर्देशांक तर ५००वर थांबतो. त्यापलीकडे काल आणि आज दोन्ही ५००च. हवा खरंच सुधारली असली तरी ‘पेक्षा’ कुठे टेकवायचा, आणि ‘बेटर’ तरी कुठे?