आईवडिलांचं तरुणपण

आजी गेली आहे. सोलहून मुलं वडिलांबरोबर गावी आली आहेत, रडारड पाहायची मनाची तयारी करून. इथे येऊन पाहतात तर वडील पाहुण्यांत बसून हसताहेत, पेल्यावर पेला चाललाय, फुलांच्या चित्रांच्या पत्त्यांचा डाव पडलाय, बायका आतून ताटांवर ताटं पाठवताहेत. मुलांना कळेना. स्वतःची आई गेली आणि या माणसाला काहीच कसं वाटत नाही? मग रात्र होते, पाहुणे पांगतात आणि परदेशातला थोरला भाऊ दारात येऊन उभा राहतो. त्याला पाहिल्याबरोबर दिवसभर हसून बोलणारे ते वडील हंबरडा फोडतात. सगळी भावंडं एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात आणि मुलगी लांबून पाहत राहते. आपले बाबाही कुणाचे तरी लेक आहेत, हे तिच्या ध्यानात येतं ते त्या रात्री.

‘रिप्लाय 1988’ या कोरियन मालिकेच्या दुसऱ्या भागातला हा प्रसंग. मालिका 2015-16 मधली, वीस भागांची. कोरियन आणि चिनी मालिकांवरचा माझा जीव कशामुळे, असं कुणी विचारलं तर मी हा प्रसंग सांगते. ऐकणाऱ्याच्या डोक्यात बहुधा ‘स्क्विड गेम’ तरी असतो, नाहीतर धनाढ्य घराण्याचा वारस आणि गरीब मुलगी. तशा मालिका ढिगाने आहेत, आणि ऐन सुखाच्या क्षणी कुठून तरी भरधाव ट्रक येतो आणि नायकाची स्मृती जाते, हेही मी पुष्कळदा पाहिलंय. त्या सगळ्या बाजूला ठेवल्या तरी जे उरतं ते मोठं आहे. यातल्या चांगल्या मालिका आईवडिलांना त्यांचं तरुणपण परत देतात. पडद्यावरची आई म्हणजे देव्हारा किंवा खाष्ट सासू एवढंच पाहायची सवय झालेल्या मला याचं फार अप्रूप वाटतं.

‘रिप्लाय 1988’ घडते सोलच्या सांगमुन-दोंग भागातल्या एका गल्लीत. पाच घरं, पाच तरुण पोरं. त्यांतल्या दॉक-सनचे वडील बँकेत नोकरीला, पण दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिल्यामुळे कुटुंब अर्ध्या तळघरात राहतं. संध्याकाळी प्रत्येक आई पोराच्या हाती शेजारी एकेक वाडगा पाठवते आणि शेजारीण तो रिकामा परत पाठवत नाही. पोरं गल्लीत एकमेकांना ओलांडत धावतात आणि शेवटी एकच भाजी शिजवलेल्या घरात ताट भरून जातं. चाळीत किंवा वाड्यात वाढलेल्या कुठल्याही मराठी माणसाला इथे काही समजावून द्यावं लागत नाही.

ही मालिका चालू होती तेव्हा दॉक-सन शेवटी कुणाशी लग्न करणार, यावरून प्रेक्षकांत जुंपली होती. माझ्या मनात मात्र दुसरंच जोडपं राहिलं. गल्लीतल्याच सन-वूची आई विधवा, तेकचे वडील विधुर, दोघं एकाच गावची. वयात आलेल्या दोन मुलांदेखत ती जवळ येतात. मालिका त्यांना हसत नाही आणि त्यांच्यावर उपकारही करत नाही. सन-वूला आईचं सुख कळतं आणि तरी आतून दुखतं. ही दोन्ही खरी आहेत, असं लेखिका ली वू-जंग ठामपणे मांडते.

2025 च्या मार्चमध्ये नेटफ्लिक्सवर ‘व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स’ आली, सोळा भागांची, जेजू बेटावरची. तिथल्या हेन्यो, म्हणजे श्वास रोखून समुद्रात बुडी मारणाऱ्या आणि तळाचं कालव-शिंपल्यांचं धन वर आणणाऱ्या बाया. नायिका ए-सुनची आई त्यांच्यातली. ती तिशी गाठायच्या आत जाते. कवयित्री व्हायचं स्वप्न पाहणाऱ्या ए-सुनचा संसार होतो ग्वान-सिकशी. हा बोलत नाही. बाजारात तिला ओरडून कोबी विकता येत नाही तर तो विकून देतो, एवढंच.

लग्नानंतरचं एक जेवण मी परत परत पाहिलंय. घरात दोन मेज मांडलेत, एक पुरुषांचं नि मोठ्यांचं आणि दुसरं खालच्या मानाचं, बायकांचं. चांगलंचुंगलं सगळं पहिल्या मेजावर. ए-सुन दुसऱ्यावर. ग्वान-सिक काही म्हणत नाही. तो बसल्या जागी वळतो, मोठ्यांकडे पाठ करतो आणि बायकोच्या मेजावर जेवू लागतो. भाषण नाही, भांडण नाही. मागे आजीचा संताप चालू आहे आणि कॅमेरा त्या पाठीवर स्थिर आहे. आमच्या घरांत पुरुषांची पंगत उठल्यावर उरलंसुरलं वाढून घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्या पंगतीतला एकही पुरुष असा वळलेला मला आठवत नाही, म्हणून मला तो प्रसंग नुसता गोड वाटत नाही, चटका लावून जातो.

पुढे ए-सुनच्या मुलीची, गम-म्यंगची गोष्ट येते आणि तरुण ए-सुन आणि गम-म्यंग या दोन्ही भूमिका आययू हीच अभिनेत्री करते. मुलगी आईवर चिडते, तिच्यासारखं आयुष्य नको म्हणते, आणि तेव्हा चेहरा आईच्याच तरुणपणाचा असतो. दिग्दर्शक किम वॉन-सोकने 2018 ची ‘माय मिस्टर’ही केली होती, तिच्यातही आययूच होती: कर्जात बुडालेली, ऑफिसातली कॉफीची पाकिटं चोरून घरी नेणारी, मुक्याबहिऱ्या आजीला सांभाळणारी. माझ्या मते ती त्याची अधिक कसदार मालिका. तरी मी लोकांना आधी जेजूलाच पाठवते.

चिनी मालिकांचा पिंड वेगळा. त्या लांब असतात आणि आपल्याला उमेदवारी करायला लावतात. ‘एम्प्रेसेस इन द पॅलेस’ ही 2011 ची राणीवशाची कथा शहात्तर भागांची आहे. 2020 मध्ये तिथल्या प्रसारण खात्याने चाळीसच्या वर जाऊ नका, असं बजावलं आणि नंतरच्या मालिका आटोपशीर झाल्या. आकाशात उडणारे देव-दानव आणि चेहऱ्यावर एक सुरकुती न दिसू देणारा तो पांढराशुभ्र प्रकाश मला सोसत नाही. त्या मालिका मी सोडून देते. सरकारी परवान्याशिवाय तिथे काही दाखवता येत नाही, त्यामुळे गुन्हेगार सापडलाच पाहिजे हा नियमही कथेला जाचतो.

तरीही 2015 ची ‘निर्वाणा इन फायर’ पाहावी. चोपन्न भाग आहेत, आणि ते वाया जात नाहीत. विश्वासघाताने सत्तर हजारांचं सैन्य मारलं गेलेलं, त्यातून वाचलेला लिन शू बारा वर्षांनी दुसऱ्या चेहऱ्याने, दुसऱ्या नावाने राजधानीत येतो. हा नायक हू गने उभा केलाय. ज्याच्याबरोबर तो लहानाचा मोठा झाला त्या राजपुत्राला तो ओळखू येत नाही. ओळखते राजपुत्राची आई. लिन घराण्याने तिला तरुणपणी आसरा दिला होता. ती मुलाच्या हाती खाऊचे डबे धाडते आणि पाहुण्याच्या डब्यात हेझलनट घालायचं टाळते, कारण लिन शूला ते सोसत नसे. उघड काही बोलायची सोय नसलेल्या राजवाड्यात एक बाई जुन्या आठवणी अशा जिवंत ठेवते.

आणि मग ‘द लाँग सीझन’. 2023 ची, फक्त बारा भाग. चीनच्या ईशान्येतलं पोलाद कारखान्याचं गाव. वांग श्यांग तिथला इंजिन ड्रायव्हर, आदर्श कामगार म्हणून गौरवलेला, कारखान्यावर जीव असलेला. 1990 च्या दशकात सरकारी कारखान्यांतून माणसं कमी करायला सुरुवात होते, त्याच सुमारास त्याचा मुलगा मरतो. अठरा वर्षांनी तो टॅक्सी चालवतोय आणि मुलाच्या मृत्यूचा माग काढतोय. फान वेने हा म्हातारा असा केलाय की तो चालू लागला तरी गलबलतं. बडबड्या, थोडा फुशारकी मारणारा, थकल्यावरही ऐट न सोडणारा. शेवटी आज म्हातारा झालेला वांग श्यांग शेतातून जाणाऱ्या आगगाडीतल्या तरुण वांग श्यांगला ओरडून सांगतो की मागे वळू नकोस. खुन्याचा शोध हा तिचा सांगाडा. माणसाची नोकरी गेली की त्याच्या घरातलं एकेक माणूस कसं ढासळतं, हे तिचं काळीज आहे.

मला ती पाहताना लालबाग-परळ दिसत होतं. 1982 चा संप, अडीच लाखांच्या घरातले कामगार, मग बंद पडत गेलेल्या गिरण्या, आणि भोंग्याच्या वेळेला सवयीने जागे होणारे ते बाप. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकाने ते घर रंगमंचावर आणलं, पुढे ‘लालबाग परळ’ सिनेमा झाला. मालिकेने मात्र, माझ्या पाहण्यात तरी, त्या घराला इतक्या जवळून हात लावलेला नाही. ‘चार दिवस सासूचे’ आपल्याकडे तीन हजारांहून अधिक भाग चालली, तेव्हा वेळ आणि प्रेक्षक कमी पडत नाहीत. साच्यावर उभं राहून ऐकू कमी येऊ लागलेला माणूस, त्याची खानावळ चालवणारी बायको, संपाच्या वर्षी दहावीला बसलेला मुलगा. बारा भाग पुरतील. कुणी लिहायला घेतलं तर पहिला भाग बापाच्या लग्नापासून सुरू करावा, तो पंचविशीचा आणि ती अठराची असताना.