माकुलाच्या मागे नागपूरकर

आम्हा नागपूरकरांना मासेमारी माहीत आहे ती तलावाची. गळाला कणकेची गोळी लावायची, पाण्यावरच्या बुचावर नजर ठेवायची आणि बसायचं. एवढ्या भांडवलावर आम्ही चौघं माकूल, म्हणजे स्क्विड, पकडायला मालवणला निघालो. लेकाने व्हिडिओ पाहिला होता, ह्यांनी ऑनलाइन सामान मागवलं आणि नागपूर-मडगाव गाडीची कुडाळपर्यंतची तिकिटं काढली.

सामान उघडलं तेव्हाच माझा गोंधळ सुरू झाला. डब्यात कोलंबीच्या आकाराचे, कापड चढवलेले रंगीत तुकडे. पोटाखाली शिशाचं वजन, शेपटीशी वर वळलेल्या बारीक सुयांची दुहेरी झालर. सुयांना उलटा दात नाही. ही म्हणे जपानी ‘एगी’. माकूल तिला खरी कोलंबी समजून मिठी मारतं आणि सुयांत गुंततं.

“चावत नाही, मिठी मारतं?” लेकीने विचारलं. मी तिच्या बाबांकडे पाहिलं. ते दोरीचा गुंता सोडवण्यात गढले होते.

मालवणात संध्याकाळी एका काकांच्या होडीत बसलो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच टाकू या, असं ह्यांनी सुचवलं. काकांनी मान हलवली. 1987 मध्ये इथे सागरी अभयारण्य झालं आणि किल्ल्याभोवतीचं पाणी त्याच्या गाभ्यात येतं. होडी दुसरीकडे वळली. उजेडाला माकुलं येतात हे वाचून लेकाने एलईडी टॉर्च आणला होता. एलईडी म्हटल्यावर काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. प्रखर एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून पकडण्यावर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली. अशा बोटींशी इथल्या पारंपरिक मच्छीमारांचं जुनं भांडण आहे. आमचा टॉर्च बापडा अंधारात चप्पल शोधायच्या लायकीचा, तरी मी तो पिशवीत कोंबला.

मग शिकवणी. एगी टाकायची, तळाजवळ जाऊ द्यायची, दांडी दोनदा झटकायची आणि पुन्हा खाली सोडायची. माकूल झडप घालतं ते बहुधा ती खाली जाताना, म्हणजे आपण काहीच करत नसताना. बूच नाही, हिसका नाही, मग कळायचं कसं? लेकाच्या दांडीला ओला टॉवेल अडकल्यासारखं जड लागलं, तेव्हा कळलं.

“ढिली सोडू नको रे बाबू, फिरवत ऱ्हव!” काका ओरडले. सुयांना दात नसल्यामुळे दोरी सैल पडली की शिकार सुटते.

वर आलं ते वीतभर, काचेसारखं अंग. बघता बघता त्यावर तांबडे ठिपके फुटले, पसरले, विझले, पुन्हा फुटले. त्वचेतल्या रंगाच्या पेशी ताणल्या-आवळल्या की असं होतं. ह्याला तीन हृदयं असतात आणि रक्त निळं, ही माहिती लेक सांगत होती, तेवढ्यात त्याने आधी पाणी आणि मग शाई सोडली. ह्यांचा पांढरा टी-शर्ट कामातून गेला. पाण्यातून वर काढताना माकुलाची पाणी-शाई सोडणारी नळी माणसांच्या उलट दिशेला धरतात, हे काकांनी नंतर सांगितलं.

रात्री खोलीवाल्या मावशींनी माकूल साफ केलं. आतून प्लास्टिकच्या पट्टीसारखं पारदर्शक काहीतरी निघालं. हाड म्हणायला तेवढंच. चकत्या तव्यावर दोन-तीन मिनिटं परतल्या. जास्त वेळ ठेवल्या तर रबर, मग मऊ व्हायला मंद आचेवर बराच वेळ शिजवावं लागतं. फोनवर सासूबाईंनी विचारलं, “इतक्याशासाठी काहून गेलते बाप्पा इतक्या दूर?”

उत्तर माझ्याकडे होतं. गांडुळं हाताळावी लागत नाहीत, हात सतत चालू असतो, त्यामुळे मुलं कंटाळत नाहीत. घरच्या सगळ्यांना मिळून करता येईल अशी मासेमारी मला हीच वाटली. तुम्हीही जाणार असाल, तर 1 जून ते 31 जुलै ही पावसाळी मासेमारी बंदी टाळा, होडीत लाइफ जॅकेट मागून घ्या, आणि पांढरे कपडे नागपुरातच ठेवा.