ओळीचे दोन अर्थ

संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्यांसाठी घडवलेला टेक्स्ट एडिटर ललित लेखकाच्या हाती येतो, तेव्हा पहिला पेच ‘ओळ’ या घटकापाशी पडतो. १९७६ मध्ये एमआयटीत आकारास आलेला ‘ईमॅक्स’ हे याचे बोलके उदाहरण होय. आज्ञावलीत ओळ कोठे संपते याला अर्थ असतो, कवितेतही असतो. गद्याची ओळ मात्र केवळ जागा संपली म्हणून वळते. २००९ च्या आवृत्तीत ईमॅक्सने पडद्याच्या रुंदीनुसार, शब्द न तोडता ओळ वळवण्याची सोय दिली आणि कादंबरीकाराचा दीर्घ परिच्छेद तेथे सुखाने नांदू लागला.

या सुखाला किंमत आहे. खर्ड्यांच्या क्रमवार नोंदी ठेवणारी ‘गिट’ ही २००५ मधील प्रणाली दोन खर्ड्यांतील फरक सामान्यतः ओळीओळीने दाखवते. तिच्या लेखी अखंड परिच्छेद ही एकच ओळ. त्यामुळे एक विशेषण बदलले तरी सबंध परिच्छेद बदललेला दिसतो. म्हणून काही लेखक प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहितात. छपाईसाठी मजकूर सिद्ध होताना ही वाक्ये पुन्हा सलग जुळतात. फेरफारांची नोंद मात्र वाक्यवार टिकते.

हस्तलिखितातील खाडाखोडीवर ज्याची पाठचिकित्सा उभी असते, त्या अभ्यासकाला याचे मोल वेगळे सांगावयास नको. कागदावर खोडलेला शब्द रेघेखालीही वाचता येतो. पडद्यावर पुसलेला शब्द सहसा मागमूस ठेवत नाही. लेखकाने आज ओळ विचारपूर्वक तोडली, तर उद्याच्या संशोधकाला निर्मितिप्रक्रियेचा माग काढणे अधिक सुकर होईल. खर्ड्यांच्या नोंदीच ठेवल्या नाहीत, तर त्याच्या हाती उरेल ती केवळ अंतिम संहिता.