किनुगावाचं पाणी

जपानमधल्या किनुगावाच्या गरम झऱ्यांचं पाणी मुळातच बिनवासाचं. गणेशपुरीच्या कुंडाशी येतो तसा गंधकाचा दर्प इथे नसणार, हे ठाऊक होतं. पण म्हणून क्लोरीनचीही तयारी ठेवली नव्हती. हॉटेलातल्या न्हाणीघराचा निळा पडदा सारला आणि महापालिकेच्या जलतरण तलावाचा वास सामोरा आला.

कपडे उतरवायच्या खोलीत एक पाटी होती: पाणी तापवलेलं आहे, गाळून पुन्हा फिरवलेलं आहे, त्यात जंतुनाशक आहे. या प्रामाणिकपणामागे एक लबाडी आहे. नागानोतलं शिराहोने हे गाव दुधाळ पाण्यासाठी नावाजलेलं. 2004मध्ये तिथल्या काही ठिकाणी विकतची पूड कालवून पाणी पांढरं करत असल्याचं उघड झालं आणि देशभर बोभाटा झाला. पुढच्या वर्षीपासून असं काही करणाऱ्यांना ते कारणासकट लिहून लावणं भाग पडलं. 1948चा मूळ कायदा मात्र भलताच उदार. जमिनीतून 25 अंशांचं पाणी आलं, तरी ते ओन्सेन, म्हणजे गरम झरा! आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी याहून तापतं.

हौद प्रचंड होता आणि त्यात मी एकटा. कुठेतरी पंप घुमत होता. काचेपलीकडे खोल दरी, तळाशी हिरवी नदी, आणि पलीकडच्या काठावर बंद पडलेल्या हॉटेलांची रांग: फुटक्या खिडक्या, लोंबणारे पडदे, सज्जांतून वाढलेली झाडं. सुबत्तेच्या काळात कंपन्या कर्मचाऱ्यांना बसगाड्या भरभरून इथे आणत. त्या गर्दीच्या भरवशावर मजले चढले, कर्जं चढली. मग पैशाचा फुगा फुटला, सहली आटल्या, आणि 2003मध्ये इथल्या हॉटेलांना कर्ज देणारी आशिकागा बँकच बुडून सरकारच्या ताब्यात गेली. माझं हॉटेल त्या पडझडीतून वाचलेलं. शेकडो माणसांसाठी बांधलेला हौद आता थोडक्यांसाठी भरायचा, तर तेच पाणी फिरवण्यावाचून ते तरी काय करणार? हिशेब पटला, अंग मात्र शेकलं नाही.

जेवणाविषयी फार लिहिण्यात अर्थ नाही. युकाता हा सुती झगा घालून, हातात ट्रे धरून रांगेत उभं राहायचं आणि गार तेंपुरा उचलायचा. खोलीतली तातामी चटई तेवढी खरी, वाळल्या गवताच्या वासाची.

सकाळी गाडीला अवकाश होता. किनुगावा-ओन्सेन स्टेशनासमोर पाय बुडवून बसायला फुकटचं कुंड आहे. विजारी गुडघ्यापर्यंत दुमडून दोन आजोबा आधीच बसले होते. त्यांनी सरकून जागा दिली. पाणी चांगलं कढत होतं, पोटऱ्या लालबुंद झाल्या. तिथेही एखादी पाटी असेलच. मी ती शोधायला गेलो नाही.