खांद्यावरचं पाणी

भाचा टोरांटोला असतो. उन्हाळ्यात चार दिवस सुट्टी मिळाली की होडी घेऊन रानात जातो. तिथलं अल्गॉन्क्विनचं रान १८९३पासून राखलेलं, नावाजलेलं. म्हणून तिथं गर्दी. हा पठ्ठ्या त्याच्याही पलीकडचं, कुणी नाव न ऐकलेलं रान हुडकतो. मागं त्यानं एक व्हिडिओ धाडला. पाऊलवाटेवरून एक होडी चालत येतेय. पालथी, आणि खाली दोन पाय. खालून आवाज, "मामा, एक तळं संपलं की दुसऱ्या तळ्यापर्यंत ही अशी डोक्यावर न्यायची. याला पोर्टेज म्हणतात."

मी गुडीहत्नूरच्या चौरस्त्यावर चहा घेत होतो. समोर ४४ नंबरचा हायवे. नागपूरचे ट्रक हैदराबादला, हैदराबादचे नागपूरला. म्हटलं, इकडं होडी आणशील तर बाबा, बहुतेक वाट ती डोक्यावरच राहील. आमची कडेम नदी पावसात कुंतल्याला पंचेचाळीस मीटर खाली झेप घेते, तेव्हा तिच्या वाऱ्याला उभं राहवत नाही. आणि उन्हाळ्यात तीच नदी धोंड्याधोंड्यांवरून, चप्पल न भिजवता ओलांडावी. नदी एक तर अंगावर येते, नाही तर येतच नाही.

पण ते पालथ्या होडीचे दोन पाय डोक्यातून गेले नाहीत. पौष आला आणि मी इंद्रवेल्लीला गेलो.

मेस्राम कुळातले गोंड केसलापूरच्या नागोबासाठी गोदावरीचं पाणी आणतात. जन्नारमकडं, हस्तिनमडुगूच्या डोहापर्यंत अनवाणी जायचं, झारी भरायची आणि तशीच पायी परत. पौष अमावास्येच्या रात्री त्या पाण्यानं देवाची पूजा होते, मग जत्रा. त्यांची वाट कव्वालच्या सागवानातून जाते. ते रान १९६५ साली अभयारण्य झालं, २०१२ साली व्याघ्र प्रकल्प. मेस्रामांची वाट या दोन्ही सालांच्या आधीची. पेपरात छापून येतो तो दरबार. १९४०मध्ये निजामाविरुद्ध उठलेले गोंड पुढारी कुमरम भीम मारले गेले, मग निजामानं हायमेनडॉर्फ नावाच्या अभ्यासकाला गोंडांत पाठवलं आणि त्या अभ्यासकाच्या पुढाकारानं जत्रेत सरकारी दरबार भरू लागला. तिथं अजून मंत्री येतात, अर्ज घेतात. मला विचाराल तर बातमी त्या पायांची आहे. पण पायांना मांडव लागत नाही, म्हणून कॅमेरेही येत नाहीत.

इंद्रवेल्लीत इंद्रादेवीची पूजा आटोपून मेस्रामांची रांग केसलापूरकडं निघाली. पांढरी धोतरं, पांढरे फेटे, एकामागे एक. मी परका, थोडं अंतर ठेवून मागं. दोन्ही अंगांना वेचणी झालेल्या कपाशीची झाडं, बोंडांत अडकून राहिलेलं उरलंसुरलं पांढरं. पुढचं एकही पाऊल वाजत नव्हतं. माझ्याच चपला फटक फटक. लाज वाटून काढून हातात घेतल्या, आणि फर्लांगभरात बाभळीचा काटा टाचेत शिरला. रांग थांबली नाही. शेवटचे एक म्हातारे पटेल तेवढे मागं फिरले. वाटेच्या कडेचा दुसरा काटा मोडून घेतला, टाच मांडीवर ओढली आणि दोन बोटांनी कातडी ताणून काटा अलगद वर काढला. काट्यानं काटा, ही म्हण मी जन्मभर वापरत आलो. तिचं टोक असं पहिल्यांदाच लागलं.

"सवय पायजे, सर," पटेल म्हणाले. घरात गोंडी, बाजारात तेलुगू, यवतमाळच्या पाहुण्यांशी मराठी. तिन्ही भाषा त्यांच्या तोंडात एकाच ठिकाणच्या.

केसलापूरला वडाखाली मुक्काम पडला. अमावास्येपर्यंत तिथंच राहायचं. गाड्या सुटल्या, बैलांपुढं कडबा पडला, धूर वर न जाता फांद्यांत अडकून राहिला. जत्रेत स्वयंपाकाच्या चुली मोजून बावीस. माणसं कितीही असोत, बायका पाळीपाळीनं त्यांच्यावरच रांधतात. झारी कुणी खाली टेकवली नाही. ती झाडाला बांधली.

ते बघताना भाच्याचा दुसरा व्हिडिओ आठवला. रात्री तोही काहीतरी झाडाला टांगतो: शिध्याची पिशवी, अस्वलाच्या हाती लागू नये म्हणून. अस्वलं आमच्या कव्वालातही आहेत. इथं मात्र भीती अस्वलाची नव्हती, जमिनीची होती.

रात्री वडाखालूनच त्याला फोन लावला आणि कॅमेरा वर धरला. अंधारात त्याला दोनचार फांद्या, फार तर एक गाठोडं दिसलं असेल. थोडा वेळ तो गप्पच होता. मग त्यानं त्याच्या सवयीचा प्रश्न विचारला, "मामा, वजन किती?"

मी शेकोटीशी बसलेल्या पटेलांना विचारलं. त्यांनी वर पाहिलं, हातातली काटकी विस्तवात सारली.

"जाताना काहीच नाही," ते म्हणाले. "येताना गंगा."