एकाच रेकॉर्डच्या पाच प्रती

माझ्याकडे पिंक फ्लॉइडच्या 'डार्क साइड ऑफ द मून' या एकाच एल.पी.च्या पाच प्रती आहेत. पुढच्या महिन्यात चार होतील, पण ते नंतर सांगतो.

ही गोष्ट मी चारचौघांत फारशी बोलत नाही. ज्ञानेश्वरीच्या पाच आवृत्त्या कपाटात ठेवणाऱ्याला लोक व्यासंगी म्हणतात. सारख्याच दिसणाऱ्या पाच रेकॉर्डी ठेवणाऱ्याला काय म्हणतात ते आमच्या घरी येऊन विचारा. "पाचही वेगवेगळं गातात का रे?" असं बायकोने एकदा सरळ विचारलं होतं. तर हो, गातात. पण का, ते समजवायला घेतलं की समोरचा माणूस घड्याळाकडे बघायला लागतो. म्हणून इथे लिहितोय. इथून कुणालाही केव्हाही उठून जाता येतं.

पाचातली पहिली माझ्या मामाची. सत्तरच्या दशकात त्याने ती मुंबईत काळाघोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून घेतली. (ते दुकान २०१६ साली बंद झालं. अजूनही तिथून जाताना मान आपोआप तिकडे वळते.) छापलेली कलकत्त्याला, डमडमच्या कारखान्यात. दुसरी ब्रिटिश, त्याच दशकातली. तिसरी जपानी. चौथी अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटीने १९७९ साली काढलेली. आणि पाचवी २००३ सालची, अल्बमला तीस वर्षं झाली म्हणून डग सॅक्स आणि केव्हिन ग्रे यांनी नव्याने कोरलेली. यातल्या शेवटच्या तीन मावसभावाने अमेरिकेहून एकेक करून आणल्या. तो बिचारा आता भारतात यायचं ठरलं की मला आधी कळवत नाही.

आता मूळ मुद्दा. स्टुडिओत जे काही घडतं ते शेवटी एका टेपवर उतरतं. त्या टेपवरून लॅकर चढवलेल्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर खाच कोरतात, त्या चकतीवर धातूचा थर चढवून साचे काढतात, आणि साच्यांमध्ये गरम व्हायनिल दाबलं की रेकॉर्ड तयार. ऐकायला इडलीपात्रासारखं सोपं वाटतं. पण ती खाच कोरणारा माणूस क्षणोक्षणी तडजोडी करत असतो. ढोल आणि बेसचे खालचे सूर जसेच्या तसे कोरले तर खाच इतकी रुंद वळणं घेते की स्वस्त प्लेअरवरची सुई उडी मारते. शिवाय रुंद खाचा जागा खातात, मग वीस-बावीस मिनिटं एका बाजूला मावत नाहीत. म्हणजे किती बेस ठेवायचा, किती मोठ्याने कोरायचं, हे तो ठरवणार. आणि त्याने ठरवलेलं जन्मभर आपण ऐकणार.

याचा सगळ्यात गाजलेला किस्सा 'लेड झेपेलिन टू'चा. १९६९ साली बॉब लुडविग या तरुण इंजिनिअरने ती रेकॉर्ड अशी दणदणीत कोरली की बस. नंतर त्यानेच सांगितलंय त्याप्रमाणे, अटलांटिक कंपनीचे सहसंस्थापक अहमत अर्टेगन यांच्या मुलीच्या साध्या प्लेअरवर सुई उड्या मारायला लागली, आणि कंपनीने घाईघाईने बेस कमी करून ती पुन्हा कोरून घेतली. एका मुलीचा प्लेअर हलका निघाला आणि पुढची कित्येक वर्षं जगाने मवाळ झेपेलिन ऐकला! लुडविगने कोरलेल्या सुरुवातीच्या प्रतींसाठी आज लोक वाट्टेल ती किंमत मोजतात. त्या ओळखायच्या कशा? शेवटचं गाणं संपल्यावर लेबलापर्यंत जो कोरा काळा पट्टा उरतो, तो तिरप्या उजेडात धरायचा. तिथे हाताने कोरलेली आद्याक्षरं दिसतात: आर एल. इंग्लंडमधला जॉर्ज पेकम तर तिथे 'पोर्की' हे आपलं टोपणनाव टाकायचा. कुंभाराने मडक्याच्या बुडाला अंगठा उठवावा तसं. मला या छंदातला सगळ्यात जास्त आनंद कुठे मिळत असेल तर तो हा, बॅटरी घेऊन कोऱ्या पट्ट्यावरचं माणसाचं अक्षर शोधण्यात.

आणखी एक भानगड आहे. रेकॉर्ड मिनिटाला तेहेतीस आणि एक तृतीयांश फेरे घेते, कडेलाही आणि मध्यालाही. पण कडेला फेरा मोठा, मध्याला लहान. म्हणजे कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच जाते आणि लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा. म्हणून बाजू संपत आली की आवाज फाटायला, किनरा व्हायला लागतो. आणि 'डार्क साइड'ची पहिली बाजू संपते कशावर? 'द ग्रेट गिग इन द स्काय'वर! क्लेअर टॉरी नावाची गायिका शब्दांशिवाय नुसता आकार लावून जे काही करते ते सगळं आतल्या, अरुंद जागेत. (या कामाचे तिला तेव्हा तीस पौंड मिळाले होते. २००४ साली ती कोर्टात गेली, दुसऱ्या वर्षी तडजोड झाली, आणि आता त्या रचनेवर तिचंही नाव लागतं. बरं झालं.) कुठलीही प्रत हातात आली की मी आधी तेवढंच ऐकतो. तिचा आवाज टिपेला पोचतो तिथे सुई डगमगली नाही, तर बाकीची रेकॉर्ड मी डोळे मिटून घेतो.

ही अडचण टाळायला आता काही अल्बम ४५ फेऱ्यांच्या गतीने दोन रेकॉर्डींवर काढतात. फ्लीटवुड मॅकच्या 'रूमर्स'ची २०११ साली स्टीव्ह हॉफमन आणि केव्हिन ग्रे यांनी केलेली तशी प्रत माझ्याकडे आहे. आवाज म्हणाल तर खोलीत माणसं येऊन बसतात. पण दर दहा मिनिटांनी उठून बाजू बदलावी लागते. गुडघ्यांना व्यायाम.

मोबाइल फिडेलिटीचं नाव वर आलंच आहे तर २०२२ सालचं प्रकरण सांगायला हवं. या कंपनीची सगळी पत 'मूळ मास्टर टेपवरून' या शब्दांवर उभी. त्यांच्या सव्वाशे डॉलरच्या 'वन-स्टेप' मालिकेत साच्यांच्या मधल्या दोन पायऱ्या गाळलेल्या असतात, त्यामुळे एका लॅकरमधून थोड्याच प्रती निघतात. मायकेल जॅक्सनच्या 'थ्रिलर'च्या अशा चाळीस हजार प्रती काढणार असं जाहीर झालं, तेव्हा काही जणांनी बोटं मोजली. इतक्या प्रतींना लॅकरं किती लागतील? त्यासाठी मूळ टेप किती वेळा चालवावी लागेल? कुठली कंपनी आपली तिजोरीतली टेप इतकी झिजू देईल? जुलै २०२२ मध्ये ॲरिझोनातल्या एका रेकॉर्ड-दुकानदाराने हे जाहीरपणे बोलून दाखवलं, आणि थोड्याच दिवसांत कंपनीच्या इंजिनिअरांनी त्याच्यासमोर मान्य केलं की मधे एक डिजिटल पायरी आहे. आणि ती २०११ पासून वापरात आहे. पुढे खटला झाला, सुमारे अडीच कोटी डॉलरची तडजोड झाली.

आमच्या रविवारच्या कंपूत (पुण्यातले सहा जण, एक चहाची किटली) यावरून जे रण माजलं ते विचारू नका. गंमत अशी की 'डिजिटल मला दोन मिनिटांत ओळखू येतं' म्हणणारी जगभरची नामांकित मंडळी अकरा वर्षं या रेकॉर्डींची तोंड भरून स्तुती करत होती. एकाने चिडून स्वतःच्या सगळ्या नव्या प्रती विकून टाकल्या. दुसरा म्हणाला, आवाज छान आहे ना, मग झालं तर. मला दोन्ही पटलं नाही. हायवेवर 'चुलीवरची मिसळ' अशी पाटी लावायची आणि आत गॅसची शेगडी! मिसळ झणझणीत असेलही, मी तर्रीसुद्धा मागून घेईन. पण पैसे चुलीचे घेतले होते ना? चव हा काही पाटीचा बचाव होत नाही. आणि पाटी खोटी निघाली म्हणून चवीला नावं ठेवायचं कारण नाही. माझी १९७९ ची प्रत त्या काळाच्या कितीतरी आधीची, तेव्हा तिच्यापुरता प्रश्नच नव्हता. पण एक गोष्ट डोक्यात राहून गेली. आपल्याला नक्की काय ऐकू येतं?

याचं उत्तर गेल्या वर्षी एका कागदावर मिळालं. बायको म्हणाली, हाक मारली तर ओ देत नाहीस. मी कान तपासून आलो. काचेच्या खोलीत बसवून, कानाला हेडफोन लावून पी पी आवाज ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचं. निघाला तो आलेख डावीकडून बरा चालतो आणि उजवीकडे पर्वतीच्या पायऱ्यांसारखा उतरत जातो. म्हणजे वरचे सूर गेले. वयाप्रमाणे आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ती तपासणी आठ हजार हर्ट्झलाच थांबते. त्यापुढचं मी घरी येऊन स्वतः तपासलं. दहा हजारांच्या वर माझ्याकडे शांतता आहे. झांजा विरत जातानाची ती बारीक धूळ, टेपची सरसर, बंद खोलीतली ती 'हवा', जिच्यासाठी लोक प्रतीमागून प्रती विकत घेतात, ते सगळं तिथे वर राहतं.

दोन दिवस मी रेकॉर्ड लावली नाही. मग लावली, आणि थेट पहिल्या बाजूच्या शेवटावर सुई ठेवली. क्लेअर टॉरी जशीच्या तशी होती. गाताना माणसाचा गळा वर चढला तरी सहसा त्याचा मूळ स्वर दीडेक हजार हर्ट्झच्या आतबाहेरच असतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण त्या दिवशी ते ऐकून खुर्चीत नीट टेकून बसलो. बेस जागेवर, गिटार जागेवर. चांगली आणि वाईट प्रत अजून दोन सेकंदांत कळते, कारण फाटलेला आवाज मधल्या पट्टीतही फाटलेलाच असतो. फक्त जपानी प्रत आणि २००३ ची प्रत यांच्यात वरच्या चकाकीचा जो फरक मी दहा वर्षं लोकांना हिरिरीने सांगत आलो, तो माझ्यासाठी आता उरलेला नाही. म्हणून जपानी प्रत पुढच्या महिन्यात कंपूतल्या सगळ्यात लहान मुलाकडे जाणार आहे. सव्वीस वर्षांचा आहे, त्याला वटवाघुळं ऐकू येत असावीत. किमतीवरून अजून घासाघीस चालू आहे.

मामा गेल्या दिवाळीत राहायला आला होता. आता अठ्ठ्याहत्तरचा आहे, दोन्ही कानांत यंत्रं. मी त्याला म्हटलं, चल, तुझा पिंक फ्लॉइड ऐकवतो. त्याने आधी दोन्ही यंत्रं काढून खिशात ठेवली. "ही बोलण्यासाठी आहेत रे, गाणं ऐकलं की पत्रा वाजतो." मग स्पीकरशेजारी स्टूल ओढून बसला, तळहात स्पीकरच्या खोक्यावर टेकवला, आणि मला आवाज वाढवायची खूण केली. वाढव. अजून वाढव. खालच्या मजल्यावरच्या काकूंची मनातल्या मनात क्षमा मागून मी वाढवला. हा अल्बम हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो. मामाने डोळे मिटले आणि बोटांनी ठोके मोजायला लागला.

ती २००३ ची प्रत होती. पहिली बाजू संपल्यावर मी त्याला त्याची स्वतःची डमडमची रेकॉर्ड दाखवली. इतकी वर्षं जपली आहे. दर पावसाळ्यात बुरशी धरते, दर दसऱ्याला डिस्टिल्ड वॉटरने धुतो. चाळीस वर्षं जड सुया आणि कोकणातली दमट हवा खाऊन ती आता कढईत मोहरी टाकल्यासारखी वाजते. मला वाटलं, मामा गहिवरेल. त्याने ती उलटसुलट करून बघितली, चष्मा वर केला आणि म्हणाला, "अरे, ही कशाला ठेवलीयस अजून? जागा अडते नुसती. ही आत्ताची बरी होती."

मग त्याला खूश करायला मी दुसरी एक गंमत सांगितली. १९७२ साली जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले होते आणि इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' त्यांनी इथल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलं होतं. ते बाहेर यायला २०१५ साल उजाडलं, माझ्याकडे ती रेकॉर्ड आहे. हे सगळं मी त्याच्या कानाशी ओरडून सांगत होतो. त्याचा चेहरा पडला.

"बहात्तर साली? मी मुंबईतच होतो रे. कुणी बोललं नाही काही!"

बराच वेळ तो त्याच दुःखात होता. मग त्याने हात पुन्हा स्पीकरवर ठेवला आणि म्हणाला, "ते जाऊ दे. दुसरी बाजू लाव. त्यात ते पैशांचं आहे ना, गल्ल्याचा आवाज येतो, ते."