आत्याची छत्री

मराठीच्या प्राध्यापकाला एक वाईट खोड असते. वाकडे दिसले की ते सरळ करावयाचे. गेली अठरा वर्षे मुलांचे ऱ्हस्वदीर्घ सुधारून माझ्या हातालाही ती जडली आहे. या खोडीपायी मी माझ्या आत्याचे घर भर श्रावणात तीन आठवडे मुके करून ठेवले, त्याची ही हकीगत.

आत्या वेल्ह्याला एकटी राहते. "भोरला ये," असे मी दरवर्षी म्हणतो आणि ती दरवर्षी म्हशीचे निमित्त सांगते. तोरण्याच्या पायथ्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तिथले एकटेपण निराळे सांगावयास नको. सोबतीला काय तो टीव्ही. न्हाणीघराच्या स्लॅबवर डिश आहे. आत्या तिला छत्रीच म्हणते. दूरदर्शनची ही मोफत सेवा २००४च्या डिसेंबरात सुरू झाली. महिन्याचे भाडे नाही, म्हणून आत्यासारखीला ती परवडते.

श्रावणात मी गेलो तेव्हा चित्र थोडे अडखळत होते. मी वर चढलो. छत्रीपुढच्या दांड्यावर बसविलेली ती एलएनबी चांगलीच कललेली दिसली. लावणाऱ्याच्या बेफिकिरीला मनातल्या मनात नावे ठेवीत मी क्लॅम्प सैल केला. केबल आखूड, त्यामुळे ती पुरती सरळ होईना. पण होता होईल तेवढी केली आणि स्क्रू गच्च आवळला. वीज नेमकी गेलेली. पडताळून न पाहताच मी शेवटची एसटी गाठली.

तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो तो टीव्हीवर क्रोशाचा रुमाल घातलेला आणि आत्या समोर भिंतीकडे पाहत बसलेली.

"बंद पडलाय?"

"येतंय की दोन-तीन ठिकाणी. पाऊस नसला म्हंजे."

"मग मला फोन का नाही केलास?"

"आरं, तू येवढा भिजत आलास, वर चढून नीट करून गेलास. मग कसं सांगू?"

भोरला डिश बसविणारा माझा एक जुना विद्यार्थी आहे. मराठीत तो काठावर पास झाला होता. त्याला फोन लावला. सगळे ऐकून घेऊन तो अत्यंत अदबीने म्हणाला, "सर, ते वाकडंच असतं."

मग त्याने मला शिकविले. उपग्रह आपले कार्यक्रम दोन प्रकारच्या लहरींवर पाठवितो, उभ्या आणि आडव्या. एलएनबीच्या पोटात काटकोनात दोन बारीक तारा असतात, एक एकीसाठी, दुसरी दुसरीसाठी. सेट टॉप बॉक्स तेरा व्होल्ट देतो तेव्हा उभी घ्यावयाची, अठरा देतो तेव्हा आडवी. खिडकीच्या उभ्या गजांतून आडवी काठी आत येत नाही, तसलाच प्रकार. पण हे उभे-आडवे उपग्रहाचे, आपले नव्हे! २०१५च्या नोव्हेंबरात सोडलेला जीसॅट-१५ विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशाला आहे, म्हणजे सुमात्राच्या पश्चिमेला, समुद्रापासून जवळजवळ ३६,००० किलोमीटर उंच. आपण ७४ अंशांच्या आसपास. मागाहून मी भूमितीचा हिशेब मांडून पाहिला. वेल्ह्याहून तो आग्नेयेला, राजगडाच्या बाजूला, पण गडाच्या पुष्कळ वर, सुमारे ५९ अंशांवर येतो. आणि त्याचे सरळ आपल्याकडे सुमारे ४५ अंश तिरके पडते. आमच्या भागात एलएनबी अगदी सरळ धरणे म्हणजे उभी आणि आडवी यांच्या बरोबर मधोमध धरणे, दोन्ही लहरींची खिचडी! उघाडीत काही तगते. पावसाच्या धारा मुळातच लहरी शोषून घेतात, मग उरतेच काय?

मी रेनकोट घालून वर, आत्या आत पडद्यापुढे. पडद्यावर दोन पट्ट्या होत्या. स्ट्रेंथ जागची हलत नव्हती; पाहावयाची ती क्वालिटी. छत्रीच्या मागे उभा राहून आकाशाकडे तोंड केले आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने एलएनबी केसभर फिरवू लागलो.

"एकवीस," आत्या ओरडली. "आठ्ठावीस... पंचेचाळीस... आरं थांब, बासष्ट! गेलं, गेलं, छप्पन्न. मागं घे!"

चौथी शिकलेल्या आत्याने मला इतक्या ठणठणीत आवाजात कधी हाक मारल्याचे आठवत नाही. अडुसष्टावर क्लॅम्प आवळला. खाली आलो तो मराठी बातम्या लागलेल्या. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत्याचे माझ्याकडे लक्ष नव्हते.

निघण्यापूर्वी मी वर जाऊन एलएनबीवर आणि क्लॅम्पवर ऑइलपेंटची एक सलग रेघ मारली. आत्या खालून पाहत होती.

"ही रेघ कशाला?"

"पुन्हा कुणी हलवली तर कळावं म्हणून."

"दुसरं कोण चढतंय वर?" ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.